शेवटच्या बाकावरच्या विमलबाई

विमलबाई तुरुंगातून सुटून आल्या, त्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी चर्चमध्ये पेटीवर होते. आमच्याकडं पेटी वेदीच्या डाव्या अंगाला भिंतीशी असते. त्यामुळं वाजवणाऱ्याला सगळ्या मंडळीची तोंडं समोर दिसतात. पहिलं गीत संपत आलं होतं. दारात एक उंच, वाळलेली बाई चपला काढताना दिसली. डोक्यावर पदर, केस पांढरे, हातात काही नाही. ती आत आली आणि बायकांच्या बाजूच्या शेवटच्या बाकावर, अगदी कडेला बसली. त्या बाकावर आधी बसलेल्या दोघी उठून पुढं गेल्या. गीताचं शेवटचं कडवं निम्म्या लोकांनी म्हटलंच नाही.

पहिल्या बाकावर राहेलआजी बसल्या होत्या. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. कोण आलं ते त्यांना न पाहताच कळलं असावं, कारण त्यांची मान ताठ झाली आणि उपासना संपेपर्यंत तशीच राहिली. विमलबाई त्यांची सून. राहेलआजींच्या थोरल्या मुलाच्या, प्रकाशच्या खुनासाठी विमलबाईंनी जन्मठेप भोगली होती.

आमचं गाव घोडेगावच्या अलीकडं, रस्त्यापासून थोडं आत. मी तिथल्या झेडपीच्या शाळेत शिक्षिका होते आणि चर्चच्या आवारातल्या एका खोलीत राहत होते. प्रकाशला मी पाहिलं होतं. साखर कारखान्याचा ट्रॅक्टर चालवायचा. दिसायला राजबिंडा आणि गळा असा, की नाताळला शेजारच्या गावचे लोक त्याचं गाणं ऐकायला यायचे. मी पेटीवर आणि तो ढोलकी घेऊन माझ्या शेजारी, असं कितीतरी वेळा झालं. तो पितो हे सगळ्यांना ठाऊक होतं. बायकोला मारतो हेही ठाऊक होतं. मूल होत नव्हतं, तेवढं कारण लोकांना पुरेसं वाटायचं. एका दुपारी तो मारत असताना विमलबाईंच्या हाताला वरवंटा लागला, तो त्यांनी त्याच्या डोक्यात घातला. दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला. विमलबाई पायी चालत चौकीवर गेल्या आणि बाकड्यावर बसून राहिल्या.

सुटल्यावर त्या दुसरीकडं कुठंही जाऊ शकल्या असत्या. त्यांची एक मावसबहीण नाशिककडं होती, ती न्यायला तयार होती. पण चर्चच्या भिंतीला लागून त्यांच्या आईची दोन खोल्यांची जागा पडून होती. पत्रे गंजलेले, दारात घाणेरीची झुडपं. तिथं त्या येऊन राहिल्या. माझी खोली भिंतीच्या या बाजूला, म्हणून मी त्यांची शेजारीण झाले.

एकदा मी विचारलं, "इथंच का आलात? नाशिक बरं होतं की."

त्या भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "नाशकात मला कोन वळखतंय, बाई? ज्याला तोंड दाखवायची लाज वाटती, त्यालाच दाखवाया पायजे ना. न्हाईतर मग शिक्षा संपली कशी म्हनायची?"

शिक्षा हा शब्द त्या सहज वापरायच्या. तुरुंग मात्र कधी म्हणायच्या नाहीत. 'तिकडं' म्हणायच्या. तिकडं असं जेवण असायचं, तिकडं एक हौसाक्का होती, तिकडं मी वाचायला शिकले. तिकडच्या काही सवयी अंगातून गेल्या नव्हत्या. जेवायला बसल्या की ताट पाच मिनिटांत रिकामं. कुणी मोठ्यानं नाव घेतलं तर हातातलं टाकून उभ्या राहायच्या. दिवा मालवून त्यांना झोप यायची नाही. आणि घराचं दार त्या कधीच लावायच्या नाहीत. कडी होती, कुलूपही होतं, पण दार सताड उघडं. मी सांगून पाहिलं, कुत्री येतात, माणसंही येतील.

"येऊ द्या," त्या म्हणाल्या. "तिकडं दार भायेरनं लागायचं. आता माझ्या हातानं आतनं लावायचं म्हनलं तर हात जात न्हाई."

पोटासाठी त्या म्होरक्या वळायच्या. बैलाच्या तोंडावर बांधायच्या म्होरक्या, कपाळावरचे गोंडे, रंगीत सुताच्या माळा. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात एका कडेला पोतं अंथरून बसायच्या. सुरुवातीला गावातले लोक त्यांच्याकडून घेत नसत, बाहेरगावचे घेत. बाहेरगावच्यांना ती एक म्हातारी होती, हिची म्होरकी टिकते एवढंच ते बघायचे. हळूहळू गावातलेही घ्यायला लागले. म्होरकीशी भांडण धरून चालत नाही.

त्यांची प्रार्थना अगदी छोटी असायची. आमच्याकडं बायकांच्या सभेत पाळीपाळीनं प्रार्थना करतात, आणि एकेकीची प्रार्थना नातेवाइकांची नावं घेत घेत मुंबई-पुण्यापर्यंत जाऊन येते. विमलबाईंची पाळी आली की त्या डोळे मिटून म्हणायच्या, "बापा, आजच्यापुरतं सांभाळ. आमेन." सगळ्या डोळे उघडून बघायच्या, झालं का म्हणून.

मंडळीत त्यांना कुणी टाकून बोललं नाही. नुसतं कुणी बोललंच नाही. शेवटचं बाक त्यांचं होऊन गेलं. पाळकसाहेब वयानं तरुण होते, नव्यानंच बदलून आलेले. त्यांना मनापासून वाटायचं की विमलबाईंनी सगळ्यांबरोबर प्रभुभोजन घ्यावं. त्यांनी मंडळीच्या पंचांशी बोलून घेतलं. पंचांमध्ये भास्करराव म्हणून एक जण वजनदार. ते म्हणाले, "घेऊ दे. पण राहेल म्हातारीसमोर बरं दिसतं का ते तुम्हीच बघा."

प्रभुभोजनाचा रविवार आला. भाकरीचे, म्हणजे साध्या पावाचे, तुकडे आणि द्राक्षरसाचे छोटे पेले असलेली तबकं बाकाबाकावरून फिरतात. मी पेटीवर हलकं काहीतरी वाजवत होते. तबक शेवटच्या बाकाकडं सरकू लागलं, तशी मंडळीची मान न वळवता जेवढं मागं बघता येतं तेवढं बघणं सुरू झालं. विमलबाईंनी तबक दोन्ही हातांनी घेतलं, क्षणभर धरलं आणि काही न उचलता पुढं दिलं.

सगळ्यांना हायसं वाटलं. घरी जाताना एक बाई दुसरीला म्हणाली, "तेवढी लाज हाय म्हनायची."

मलाही तसंच काहीसं वाटलं होतं. पण पुढच्या महिन्यातही तेच झालं, त्याच्या पुढच्याही. पाळकसाहेब त्यांच्या घरी जाऊन समजावून आले की देवानं क्षमा केलेली आहे, ती कधीच झालेली आहे. विमलबाईंनी ऐकून घेतलं, चहा दिला. ते गेल्यावर मी विचारलं.

"साहेब खरं सांगत्यात," त्या म्हणाल्या. "देवाचं मला ठाव हाय. त्याचं-माझं तिकडंच मिटलं. पन शास्त्रात लिवलंय का न्हाई, दान द्यायला देवापुढं गेलास आन् तितं तुला आठवलं की कुनाच्या तरी मनात तुझ्याइषयी सलतंय, तर दान तितंच ठिव, आदी त्याच्याकडं जा. आता मला तर आठवावंबी लागत न्हाई. पयल्या बाकावर बसलेल्या दिसत्यात."

हे त्यांनी अगदी साध्या सुरात सांगितलं. त्यांचं वाचणं असं होतं. त्या वचनाचा अर्थ काढत नसत. लिहिलंय तसं करायचं, एवढंच.

आणि त्या जायच्या. पहिल्या नाताळला ताटात करंज्या-शंकरपाळे घेऊन, वरून विणलेला रुमाल टाकून राहेलआजींच्या दारात गेल्या. आजींनी दार लावून घेतलं. विमलबाई थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि परत आल्या. दुसऱ्या नाताळला आजींनी दार उघडलं, ताट हातात घेतलं, विमलबाईंच्या देखत करंज्या अंगणातल्या कोंबड्यांपुढं ओतल्या आणि आत गेल्या. परत आल्या आणि ताट विमलबाईंच्या हातात दिलं.

मला वाईट वाटलं. विमलबाई मात्र त्या दिवशी बऱ्या दिसत होत्या. "ताट इसळून दिलं, बाई," त्या म्हणाल्या. "आत जाऊन पानी घेऊन इसळलं. तसंच फेकलं न्हाई."

दार उघडं असल्यामुळं जे व्हायचं ते झालंच. तिकडून सुटलेली छबू नावाची एक बाई एके दिवशी एसटीनं आली. तिला घरच्यांनी घेतलं नव्हतं. विमलबाईंनी ठेवून घेतलं. ती दिवसभर तंबाखू मळत बसायची आणि मोबाईलवर गाणी लावायची, तीही उपासनेच्या वेळी. भास्करराव तावातावानं आले. मी तिथंच होते.

"विमल, तुझं एक आम्ही सोसलं," ते म्हणाले. "आता चर्चच्या भिंतीला लागून तू असल्या बायांचा अड्डा करणार असशील तर आम्हाला विचार करावा लागेल."

"करा की इचार," विमलबाई म्हणाल्या. "बसा, च्या टाकते. मला बी इचार सुचत न्हाई. तुमी दुसरी जागा सांगा, मी हिला तितं पोचवून येते. मातर तितं हिला कुनी तरी ठिवून घेतलं पायजे."

भास्कररावांनी चहा घेतला. जागा काही त्यांना सुचली नाही. जाताना ते छबूला म्हणाले, "गाण्याचा आवाज तरी कमी ठेव, बाई."

छबू काही महिन्यांनी न सांगता निघून गेली. जाताना विमलबाईंची नवी साडी नेली, त्यांनी ईस्टरसाठी ठेवलेली. मी चिडले. विमलबाई म्हणाल्या, "तिला शोभंल. रंग माझ्या वयाचा नव्हताच." आणि थोड्या दिवसांनी दुसरी एक बाई आली. चेहऱ्यावर भाजल्याचे डाग होते. तिला विचारलं कुणी पाठवलं, तर म्हणाली, "छबूनं. ती म्हनली, तितं दार लावत न्हाईत."

अशा बऱ्याच आल्या. कुणी आठवडाभर राहिली, कुणी वर्षभर. नवऱ्याकडून लागलेल्या आजारानं पोखरलेली एक होती, तिला सासर-माहेर दोन्हीकडचे ताटाला शिवू देत नव्हते. ती विमलबाईंच्या ताटात जेवायची. एकदोघी चर्चमध्ये येऊ लागल्या आणि शेवटच्या बाकावर बसू लागल्या. विमलबाई कुणाला या म्हणाल्या नाहीत, येऊ नका म्हणाल्या नाहीत. त्यांनी कुणाला तू काय केलंस म्हणून विचारल्याचंही मला आठवत नाही. जेवण झालं का, एवढंच विचारायच्या. हळूहळू ते बाक भरलं, मग त्याच्या पुढचंही. प्रभुभोजनाचं तबक मात्र विमलबाईंच्या हातातून तसंच पुढं जायचं.

मग राहेलआजींच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. धाकटा मुलगा शमुवेल चाकणला कंपनीत, तो धावत आला. दवाखाना झाला. घरी आणल्यावर प्रश्न आला की करणार कोण. शमुवेलची बायकोही नोकरी करणारी, मुलं शाळेत. पगारी बाई ठेवली, ती दोन आठवड्यांत सोडून गेली. म्हातारी हट्टी होती आणि शरीर जड. शमुवेल वृद्धाश्रमाची चौकशी करायला लागला.

त्या सकाळी मी आजींना बघायला गेले होते. शमुवेल दारात फोनवर बोलत होता. विमलबाई अंगण ओलांडून आल्या आणि पायरीशी थांबल्या. हातात गरम पाण्याची बादली होती, ती त्यांनी घरून तापवून आणली होती.

शमुवेलनं फोन खाली घेतला. "काय पाहिजे?"

"आंघूळ घालते त्यास्नी. दोन दिवस झाले ना."

त्यानं त्यांच्या हातांकडं पाहिलं. त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "हेच हात ना ते?"

"हेच," विमलबाई म्हणाल्या. "दुसरे कुटून आनू?"

आतून आवाज आला. शब्द नव्हता, घशातला आवाज. राहेलआजींनी डावा हात उचलून खाटेच्या कडेवर आपटला. शमुवेल आत गेला, मीही गेले. आजी दाराकडं बघत होत्या. त्यांना काय म्हणायचं होतं ते सांगता येत नव्हतं. हाकलून दे म्हणत असतील, येऊ दे म्हणत असतील. शमुवेलनं आईच्या तोंडाकडं पाहिलं, अंथरुणाकडं पाहिलं, खोलीत भरून राहिलेला वास घेतला, आणि तो बाजूला झाला. विमलबाई बादली घेऊन आत आल्या.

तेव्हापासून त्या रोज दोनदा जायच्या, पुढं तिथंच राहायला लागल्या. त्यांच्या घरात तेव्हा भाजलेल्या चेहऱ्याची ती बाई होती, ती घर बघायची. सासू-सुनेमध्ये काही बोलणं होत नव्हतं. आजींना बोलता येत नव्हतं आणि विमलबाईंना सवय नव्हती. कूस बदलणं, पाठ पुसणं, भात मऊ करून भरवणं. आजी कधी घास थुंकायच्या. विमलबाई पुसायच्या आणि दुसरा घास करायच्या. शमुवेल दर रविवारी यायचा. आधी तो विमलबाईंशी बोलत नसे. मग "औषध आणलंय" म्हणू लागला. मग "वहिनी, औषध आणलंय" म्हणाला. ते वहिनी म्हटल्याचं त्याच्या स्वतःच्याही लक्षात आलं नसावं.

पावसाळा सरता सरता आजींची जीभ थोडी सैल झाली. अडखळत, पण कळेल असं बोलू लागल्या. पाळकसाहेबांनी त्यांना घरी प्रभुभोजन द्यायचं ठरवलं. अंथरुणाला खिळलेल्यांना तसं देतात. त्यांच्याबरोबर भास्करराव होते, एक गीत म्हणायला मी होते. शमुवेलही आला होता. स्टुलावर पांढरा कपडा घातला. विमलबाई आतल्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. भांडी घासताना उठून आल्या होत्या, हात ओलेच होते.

गीत झालं. प्रार्थना झाली. पाळकसाहेबांनी भाकरीचा तुकडा आजींच्या तोंडाशी नेला. आजींनी तोंड उघडलं नाही. साहेबांना वाटलं गिळता येत नसेल, त्यांनी तुकडा अजून लहान केला. आजींनी ओठ घट्ट मिटले आणि मान फिरवली.

"काय झालं, आजी?"

"आदी," आजी म्हणाल्या. दम घेतला. "आदी इमलला इचारा."

"काय विचारू?"

"भिंत एकच हुती." त्यांच्या बोलण्यात मोठमोठी खिंडारं पडत होती. आम्ही सगळे वाकून ऐकत होतो. "पलीकडं त्यांची खोली. समदं ऐकू यायचं मला. रोज ऐकू यायचं. मी उटून गेले न्हाई. मी रेडू लावायची. मोटा करायची." मग बऱ्याच वेळानं, "तिला इचारा, मी खाऊ का."

शमुवेल भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. भास्कररावांनी टोपी काढून हातात घेतली. पाळकसाहेबांनी विमलबाईंकडं पाहिलं.

मला भीती वाटली की त्या नाही म्हणतील, आणि म्हणाल्या असत्या तर त्यांना कोण काय म्हणणार होतं? त्यांनी ओले हात पदराला पुसले. खाटेजवळ आल्या, आजींच्या पाठीमागं उशी नीट केली, त्यांना थोडं उठतं बसवलं, आणि म्हणाल्या, "खावा, आत्याबाई."

आजींनी खाल्लं. मग त्यांनी डाव्या हाताचं बोट स्टुलावरच्या तबकाकडं केलं, नंतर विमलबाईंकडं. "तू घे," म्हणाल्या. पाळकसाहेबांनी तुकडा पुढं केला. विमलबाईंनी तो ओंजळीत घेतला. उभ्या उभ्याच खाल्ला आणि पेला रिकामा करून जागच्या जागी ठेवला. मग भांडी राहिली होती, ती घासायला आत गेल्या.

एवढंच झालं. गावात त्यावर पुष्कळ बोलणं झालं आणि पाळकसाहेबांनी दोन उपदेश दिले. विमलबाई त्या उपदेशांच्या वेळी आजींजवळ घरीच होत्या. मी त्यांना भेटायला गेले तेव्हा म्हटलं, इतक्या वर्षांनी घेतलंत, कसं वाटलं?

"पाव हुता, बाई. सादाच," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं आपणहून बोलल्या. "रेडू मलाबी ऐकू यायचा. मला वाटायचं, आत्याबाईला गान्याची लई आवड."

त्यानंतर काही दिवस त्या फारशा बोलल्या नाहीत. आजींचं करणं मात्र एक दिवस चुकलं नाही. माफ करणं म्हणजे काय ते मला चर्चमध्ये अनेकदा ऐकायला मिळालं आहे. पण ते असं रागासकट, तोंड न उघडता, कूस बदलत बदलत करावं लागतं हे तिथं कुणी सांगितलं नव्हतं.

राहेलआजी पुढच्या उन्हाळ्यात गेल्या. विमलबाईंनी त्यांना आंघोळ घातली, नवं लुगडं नेसवलं. मातीच्या वेळी शमुवेलनं त्यांना बायकांच्या गर्दीतून पुढं बोलावलं आणि पहिली मूठ त्यांना टाकायला लावली. नंतर त्यानं घराच्या किल्ल्या देऊ केल्या. इथंच राहा, म्हणाला. त्यांनी नको म्हटलं आणि आपल्या दोन खोल्यांत परत गेल्या. प्रभुभोजनाच्या रविवारी त्या घेऊ लागल्या. पहिल्या बाकावरची जागा मोकळी होती, तिथं या म्हणून भास्करराव स्वतः म्हणाले. पण त्या मागंच बसल्या. तिथं तोवर त्यांच्याबरोबरच्या बाया होत्या, त्यांना गीताचं पान काढून द्यावं लागे.

मी निवृत्त झाले आणि मुलीकडं पुण्याला आले. गेल्या वर्षी एका लग्नासाठी घोडेगावच्या पुढच्या एका गावी गेले होते. परतताना माझी गाडी घोडेगावच्या थांब्यावर थांबली. खिडकीतून पाहिलं तर उसाच्या रसाच्या गुऱ्हाळाजवळ विमलबाई उभ्या. कमरेत वाकल्या होत्या, काठी आली होती. मी हाक मारली. त्या खिडकीखाली आल्या, माझी, मुलीची, नातवंडांची चौकशी केली.

"इथं कशा उभ्या?" मी विचारलं.

"पुन्याहून गाडी यायचीय. त्यात एक बाई हाय म्हनत्यात."

"कोण?"

"ते काय ठाव न्हाई, बाई."

तेवढ्यात समोरून ती गाडी आली आणि रस्त्याच्या पलीकडं थांबली. विमलबाई काठी टेकत तिकडं गेल्या. माणसं उतरत होती. त्या प्रत्येक बाईच्या तोंडाकडं बघत होत्या. सगळ्यात शेवटी एक तरणी बाई उतरली, केस कापलेले, उन्हानं डोळे बारीक झालेले. बाकीचे भराभर पांगले. ती तिथंच उभी राहिली. कुठं बघावं हे तिला कळत नव्हतं, म्हणून ती खाली बघत होती.

विमलबाई तिच्यापुढं जाऊन थांबल्या आणि काहीतरी बोलल्या. माझी गाडी सुटली होती, मला ऐकू आलं नाही. त्या बाईनं मान वर केली. मग दोघी रस्ता ओलांडायला कडेला आल्या आणि मधे एक ट्रक येऊन त्या दिसेनाशा झाल्या.